दोन ग्राफिक्स कार्डांच्या लॅपटॉपवर डेबियन आणि आयथ्री कसं बसवावं

लॅपटॉपवर लिनक्स टाकून हौसेने आयथ्री हा विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवरच्या विंडो मांडणारा प्रोग्राम, बसवला की चार दिवसांत तक्रारी सुरू होतात. बॅटरी भराभर उतरते. एचडीएमआय जोडला तरी बाहेरचा मॉनिटर काळाच राहतो. व्हिडिओत चित्र मधोमध आडवं फाटतं, आणि शीर्षकपट्टीतली मराठी जोडाक्षरं तुटून येतात. मग दोष विंडो मॅनेजरच्या माथी मारला जातो आणि माणूस जीनोम या तयार डेस्कटॉपकडे परत जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ आयथ्रीत नसतंच. स्क्रीनवर चित्र कोण काढणार हे आधी ठरवलेलं नसतं, तिथेच सगळं अडतं. म्हणून आधी ग्राफिक्सचं काम पूर्ण करायचं, ते तपासायचं आणि मगच आयथ्रीला हात लावायचा.

हे सगळं मी माझ्या २०१९ सालच्या लॅपटॉपवर केलेलं आहे. त्यात नवव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे, प्रोसेसरच्या पोटातच यूएचडी ६३० ग्राफिक्स आहे आणि शिवाय एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० कार्ड आहे. प्रणाली डेबियन १३, म्हणजे ९ ऑगस्ट २०२५ ला आलेली ‘ट्रिक्सी’. तिच्यासोबत ६.१२ कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि एनव्हिडियाचा ५५० शाखेतला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) येतो. कमांड्स मी फोनवर मित्राला सांगाव्यात तशा उच्चारून लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आतली जोडणी ओळखा

अशा लॅपटॉपांत दोन कार्डं एकत्र नांदतात ती ऑप्टिमस या पद्धतीने. एनव्हिडियाने ती २०१० मध्ये आणली. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन इंटेलला जोडलेली असते. एनव्हिडिया चित्र तयार करतं, ते इंटेलच्या ताब्यात देतं आणि स्क्रीनवर लावण्याचं काम इंटेलच करतं. एचडीएमआयचं पोर्ट मात्र बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. ही एक गोष्ट समजली की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय डॅश के’ चालवा. यादीत दोन्ही कार्डं सापडतील आणि प्रत्येकाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल. इंटेलखाली ‘आय९१५’ दिसेल, एनव्हिडियाखाली नव्या डेबियनवर ‘नूवो’, म्हणजे एनव्हिडियासाठीचा मुक्त ड्रायव्हर. एनव्हिडियाच्या ओळीची सुरुवातही वाचा. तिथे ‘थ्रीडी कंट्रोलर’ असेल तर सहसा त्या कार्डाला एकही पोर्ट जोडलेलं नसतं, ‘व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर’ असेल तर बहुधा असतं. खात्री करायची तर ‘सिस’मधल्या ‘क्लास’ फोल्डरात ‘डीआरएम’ उघडा. ‘ईडीपी’ म्हणजे लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन. ती ज्या कार्डाच्या नावाला चिकटलेली आहे ते इंटेल. एचडीएमआय दुसऱ्या कार्डाच्या नावाला चिकटलेला दिसला तर तो एनव्हिडियाचा.

आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, एनव्हिडियाचा ड्रायव्हर खरोखर हवा आहे का? काम लिहिण्या-वाचण्याचं, ब्राउझरचं आणि थोड्या प्रोग्रामिंगचं असेल, एचडीएमआयही इंटेलला असेल, तर ड्रायव्हर टाकूच नका. नूवो रिकाम्या कार्डाला आपोआप झोपवतो आणि लॅपटॉप शांत राहतो. ब्लेंडर, कूडा (एनव्हिडियावर गणितं चालवण्याची सोय), गेम किंवा एनव्हिडियाला जोडलेला एचडीएमआय यांपैकी काही लागत असेल तरच पुढचा भाग तुमचा. ज्यांच्याकडे एएमडीचं कार्ड आहे त्यांचं काम फारच थोडं आहे. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फक्त ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज टाकायचं आणि सरळ आयथ्रीच्या भागाकडे जायचं.

परतीची वाट आधी

ड्रायव्हरला हात लावण्याआधी तीन गोष्टी येऊ द्या. काळ्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून मजकुरी लॉगिनवर जाणं ही पहिली. दुसरी म्हणजे ग्रबच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या मेन्यूच्या, यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडणं. तिसरी, ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘सिस्टमडी डॉट युनिट बरोबर मल्टी-यूजर डॉट टार्गेट’ लिहिणं. यामुळे ग्राफिक्स सुरूच न होता थेट मजकुरी लॉगिन येतं. या तिन्हींचा सराव लॅपटॉप ठणठणीत असतानाच करा. संकटात ग्रबच्या पडद्यावर पहिल्यांदा पोचणारा माणूस घाबरून चुकीची ओळ खोडतो. टाइमशिफ्ट या प्रोग्रामने प्रणालीचा एक स्नॅपशॉटही, म्हणजे परत आणता येणारी प्रत, घेऊन ठेवा.

ड्रायव्हर बसवणे

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ‘डॉट रन’ फाइल उतरवू नका. ती पॅकेज व्यवस्थेला न विचारता फाइली इकडे तिकडे पसरते, आणि पुढे डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या एपीटीने काही अद्ययावत केलं की दोघांची भांडणं लागतात. डेबियनचंच पॅकेज वापरा. त्यासाठी सोर्सेसच्या यादीत ‘मेन’ आणि ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ यांच्या जोडीला ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ हे दोन विभाग जोडा आणि ‘एपीटी अपडेट’ करा.

आधी ‘एनव्हिडिया-डिटेक्ट’ पॅकेज टाकून चालवा. तुमच्या कार्डाला कोणता ड्रायव्हर लागतो ते ते सांगतं. जुनी कार्डं नव्या शाखांतून गळत जातात: फर्मी पिढी ३९० वर थांबली, केप्लर ४७० वर. जीटीएक्स १६५० हे ट्युरिंग पिढीचं असल्यामुळे त्याला ५५० चालतो.

मग एकाच कमांडमध्ये तीन पॅकेजं टाका: ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’, ‘एनव्हिडिया-ड्रायव्हर’ आणि ‘फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री’. पहिलं नाव गाळू नका. एनव्हिडियाचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा भाग, डीकेएमएस हा प्रोग्राम तुमच्याच यंत्रावर, तुमच्याच कर्नलसाठी बांधतो आणि त्याला त्या कर्नलच्या हेडर्स फाइली लागतात. मी सुरुवातीला नेमक्या त्या दिवशीच्या कर्नलचे हेडर्स टाकले होते, हे सामायिक पॅकेज टाकलं नव्हतं. दोन आठवडे सगळं छान चाललं. मग एका रात्री कर्नल अद्ययावत झाला, सकाळी लॅपटॉप सुरू केला तर काळ्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत होती. नव्या कर्नलचे हेडर्स आलेच नव्हते, मॉड्यूल बांधलंच गेलं नव्हतं, आणि नूवोला तर ड्रायव्हरच्या पॅकेजने आधीच बंद केलेलं. ग्रबमधून जुना कर्नल उचलला, सामायिक हेडर्स टाकले, पुन्हा सुरू केलं, वीस मिनिटांत काम झालं. पण दुपारपर्यंत द्यायचं काम डोक्यावर असताना ती वीस मिनिटं फार लांब वाटली. तेव्हापासून कर्नल बदलला की रीस्टार्ट करण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहतो. नव्या कर्नलच्या आकड्यासमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसल्याशिवाय लॅपटॉप बंद करत नाही.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू आहे का ते ‘मोकयुटिल डॅश डॅश एसबी-स्टेट’ सांगतं. चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. बायोसमधून सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याची गरज नाही. डीकेएमएसने आपली किल्ली आधीच बनवून ‘वार’, ‘लिब’, ‘डीकेएमएस’ या वाटेवर ‘मोक डॉट पब’ नावाने ठेवलेली असते. ‘सुडो मोकयुटिल डॅश डॅश इम्पोर्ट’ आणि पुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या, एक तात्पुरता पासवर्ड ठरवा आणि रीस्टार्ट करा. निळी स्क्रीन येईल आणि कोणतीही कळ दाबण्यासाठी दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होईल. याच वेळी चहा आणायला उठू नका. मोजणी संपली की यंत्र तसंच पुढे जातं आणि इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. कळ दाबून ‘एनरोल मोक’ निवडा, तोच पासवर्ड द्या.

आणि एक कमांड कधीही चालवू नका: ‘एनव्हिडिया-एक्सकॉन्फिग’. ती फक्त एनव्हिडियाला धरून एक्सची, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या व्यवस्थेची, कॉन्फिग फाइल लिहिते. आपली स्क्रीन इंटेलला जोडलेली आहे, त्यामुळे चित्र तयार होतं पण दिसत नाही. आजच्या एक्सला अशा फाइलची गरज नाही, दोन्ही कार्डं तो स्वतः ओळखतो. चुकून चालवलीच असेल तर ‘ईटीसी’, ‘एक्स११’मधली ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ काढून टाका. इंटेलसाठी वेगळा ‘एक्सएफ८६-व्हिडिओ-इंटेल’ टाकण्याचा सल्लाही सोडून द्या. एक्समधला ‘मोडसेटिंग’ ड्रायव्हर पुरेसा आहे.

कार्डाला झोपवणे

माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. ड्रायव्हर बसला, सगळं चाललं, म्हणून लोक इथेच थांबतात. पण काही काम नसतानाही एनव्हिडियाचं कार्ड जागं असेल तर ते बॅटरी खातं आणि कीबोर्डचा डावा भाग हाताला गरम लागत राहतो.

‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ फोल्डरात ‘एनव्हिडिया-ऑप्शन्स डॉट कॉन्फ’ ही फाइल असते. तिच्यात दोन ओळी हव्यात. पहिली: ‘ऑप्शन्स एनव्हिडिया-डीआरएम मोडसेट=१’. दुसरी: ‘ऑप्शन्स एनव्हिडिया-करंट’ आणि पुढे ‘एनव्हीरेग अंडरस्कोर डायनॅमिकपॉवरमॅनेजमेंट=०एक्स०२’. डेबियनमध्ये मॉड्यूलचं नाव ‘एनव्हिडिया-करंट’ असल्याने दुसऱ्या ओळीत तेच लिहायचं. अँपिअर आणि त्यानंतरच्या लॅपटॉप कार्डांवर ही झोप मुळातच चालू असते, ट्युरिंगवर मात्र सांगितल्याशिवाय होत नाही. त्याहून जुन्या पास्कल वगैरे कार्डांना ही सोयच नाही. फाइल साठवा, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू’ चालवा आणि रीस्टार्ट करा.

आता तपासणी. ‘प्रॉक’मधल्या ‘ड्रायव्हर’, ‘एनव्हिडिया’, ‘जीपीयूज’ या वाटेने कार्डाच्या फोल्डरात जा आणि ‘पॉवर’ ही फाइल वाचा. तिथे ‘रनटाइम डी३ स्टेटस: एनेबल्ड’ आणि कंसात ‘फाइन-ग्रेन्ड’ हवं. मग ‘सिस’मधल्या ‘बस’, ‘पीसीआय’, ‘डिव्हायसेस’ या वाटेने कार्डाच्या क्रमांकाखालच्या ‘पॉवर’ फोल्डरातली ‘रनटाइम अंडरस्कोर स्टेटस’ वाचा. यंत्र रिकामं असताना ‘सस्पेंडेड’ दिसलं पाहिजे. ‘ॲक्टिव्ह’ दिसत राहिलं तर शेजारची ‘कंट्रोल’ फाइल पाहा. तिच्यात ‘ऑन’ असेल तर ‘ऑटो’ करा, आणि ते टिकावं म्हणून युडेव्हचा, म्हणजे उपकरणं हाताळणाऱ्या सेवेचा, नियम लिहा.

इथे एक फसगत हमखास होते. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवून कार्ड झोपलंय का हे पाहायचं नाही, कारण ती कमांडच कार्डाला जागं करते. दाराची घंटा वाजवून आत कोणी झोपलंय का विचारण्यासारखं होतं ते. स्क्रीनच्या कडेच्या माहितीपट्टीत (बारमध्ये) तापमान दाखवायला दर दोन सेकंदांनी एनव्हिडिया-एसएमआय चालवणाऱ्या तयार कॉन्फिग सर्रास मिळतात, आणि त्या वापरणाऱ्याचं कार्ड कधीच झोपत नाही.

हवं तेव्हा बोलावणे

‘मेसा-युटिल्स’ टाकून ‘जीएलएक्सइन्फो डॅश’ आणि पुढे मोठा ‘बी’ अशी कमांड चालवा. ‘ओपनजीएल रेंडरर’च्या ओळीत इंटेलचं नाव आलं पाहिजे. म्हणजे रोजचं सगळं इंटेलवर चाललंय. एखादा प्रोग्राम एनव्हिडियावर चालवायचा तर त्याच्यापुढे दोन गोष्टी लावायच्या. पहिली: सुरुवातीला दोन अंडरस्कोर, मग एनव्ही, प्राइम, रेंडर, ऑफलोड हे शब्द मोठ्या लिपीत, मध्ये एकेक अंडरस्कोर, बरोबर १. दुसरी: पुन्हा दोन अंडरस्कोर, मग जीएलएक्स, व्हेंडर, लायब्ररी, नेम, बरोबर लहान लिपीत एनव्हिडिया. ही सोय २०१९ मधल्या ४३५ ड्रायव्हरपासून आहे. दर वेळी टाइप करण्याऐवजी या ओळींची छोटी स्क्रिप्ट करून ‘लोकल-बिन’मध्ये ठेवा. माझ्या स्क्रिप्टचं नाव मी ‘मोठं’ या अर्थाचं ठेवलंय. ‘मोठं ब्लेंडर’ म्हटलं की ब्लेंडर एनव्हिडियावर उघडतं, बंद केलं की काही सेकंदांत कार्ड पुन्हा झोपतं.

आता आयथ्री

पॅकेज ‘आयथ्री’ टाका, लॉगिन स्क्रीनवर सत्र निवडा. पहिल्यांदा आत जाताच ते दोन प्रश्न विचारतं: कॉन्फिग बनवू का, आणि मुख्य कळ विंडोजची ठेवू की ऑल्ट? विंडोजची कळ निवडा, ऑल्ट इतर प्रोग्रामांना लागते. मग मुख्य कळ आणि एंटरने टर्मिनल उघडतं, मुख्य कळेसोबत शिफ्ट-क्यूने विंडो बंद होते, मुख्य कळेसोबत शिफ्ट-आरने आयथ्री जागच्या जागी पुन्हा सुरू होतं आणि उघड्या विंडोज तशाच राहतात. आठवडाभर एवढ्यावरच राहा. दुसऱ्याची पाचशे ओळींची कॉन्फिग उचलून आणू नका, ती बिघडली की दुरुस्त कुठे करायची हे कळत नाही.

लॅपटॉपसाठी चार गोष्टी मात्र लगेच लागतात. आवाजाच्या कळा मूळ कॉन्फिगमध्ये असतात, ब्राइटनेसच्या आपण बांधायच्या. ‘ब्राइटनेसकंट्रोल’ हे छोटं पॅकेज कमांडमध्ये ‘ब्राइटनेस’ आणि ‘सीटीएल’ असं जोडून लिहितात. वाढवायच्या कळेला ‘सेट +५%’, कमी करायच्या कळेला ‘सेट ५%-’ बांधा. टचपॅडला टिचकी मारून क्लिक होत नसेल तर लिबइनपुटच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘टॅपिंग’ हा पर्याय ‘ऑन’ करा. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपवण्याचं काम सिस्टमडी करतो, पण स्क्रीन कुलूपबंद व्हायला ‘एक्सएसएस-लॉक’ आणि ‘आयथ्रीलॉक’ ही दोन्ही पॅकेजं हवीत. त्यांना सुरू करणारी ओळ आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये आधीच आहे. एकदा झाकण मिटून उघडून पाहाच, नाहीतर कॅफेत लॅपटॉप उघडताच सगळं जगजाहीर. अक्षरं बारीक वाटली तर ‘एक्सरिसोर्सेस’ फाइलमध्ये ‘एक्सएफटी डॉट डीपीआय’ ९६ वरून १२० करा.

चित्र फाटण्याचं कारण साधं आहे: आयथ्री स्वतः कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडोंचं एक चित्र जुळवून स्क्रीनला देणारा प्रोग्राम, नाही. ‘पिकॉम’ टाका, त्याच्या कॉन्फिगमध्ये बॅकएंड ‘जीएलएक्स’ आणि ‘व्हीसिंक’ ‘ट्रू’ करा, आयथ्रीच्या कॉन्फिगमधून सुरू करा. सावल्या आणि धूसर कडा बंद ठेवा, बॅटरी वाचते.

मराठी नीट दिसली आणि लिहिता आली पाहिजे

आयथ्रीच्या फाँटच्या ओळीत सुरुवातीला ‘पँगो’ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) आणि विसर्गासारखी दोन टिंबं हवीत. ती ओळ बदलताना हा भाग गेला की आयथ्री एक्सच्या जुन्या फाँट पद्धतीवर जातं आणि तिला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ किंवा ‘लोहित मराठी’ फाँट टाका. प्रोग्राम उघडायचं मूळचं ‘डीमेन्यू’ही जोडाक्षरं जुळवत नाही. त्याऐवजी ‘रोफी’ बांधा, ते पँगो वापरतं. मी कसोटीसाठी ‘दऱ्याखोऱ्या, ज्ञानेश्वर, श्रीक्षेत्र’ या नावाचं एक फोल्डर ठेवलंय. ‘दऱ्या’तला अर्धा ऱ मधला आडवा दांडा होऊन नीट बसला की बाकी सगळं ठीक असतं. टर्मिनलमध्ये मात्र अजूनही देवनागरी बहुतेक ठिकाणी विस्कटते, मराठी लिहायला ग्राफिकल एडिटरच घ्या.

लिहिण्यासाठी भाषा बदलून टाइप करू देणारे ‘आयबस’ आणि ‘आयबस-एम१७एन’ टाका. त्यात मराठीचा इनस्क्रिप्ट आहे, उच्चाराप्रमाणे लिहायचा फोनेटिकही आहे आणि गमभनही. मग कळांची टक्कर होते. आयबसची भाषा बदलण्याची ठरावीक जोडी म्हणजे विंडोज-स्पेस, आणि आयथ्रीत तीच जोडी तरंगत्या आणि बसवलेल्या विंडोजमध्ये उडी मारते. भाषा बदलत नाही, कर्सर भलतीकडे जातो आणि आयबस बिघडलंय असं वाटतं. ‘आयबस-सेटअप’मध्ये ती जोडी कंट्रोल-स्पेस करा.

बाहेरचा मॉनिटर

मोडसेट=१ केलेलं असेल तर एनव्हिडियाला जोडलेला एचडीएमआय ‘एक्सरँडआर’च्या यादीत ‘एचडीएमआय-१-०’ अशा नावाने दिसतो. ‘एआरँडआर’मध्ये दोन्ही चौकोन ओढून हवे तसे लावा आणि तयार झालेली स्क्रिप्ट जपून ठेवा. आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये ‘वर्कस्पेस ९ आउटपुट’ आणि पुढे ते नाव लिहिलं की नववं वर्कस्पेस कायम मोठ्या स्क्रीनवर उघडतं. मॉनिटर जोडलेला असेपर्यंत कार्ड जागंच राहणार, तेव्हा चार्जर लावूनच बसा.

एक्सऐवजी वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालणारं, आयथ्रीसारखंच ‘स्वे’ हवं असेल तर आयथ्रीचीच कॉन्फिग बरीचशी चालते. पण एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर दिसला की स्वे सुरू व्हायला नकार देतं, त्याला ‘डॅश डॅश अनसपोर्टेड-जीपीयू’ द्यावं लागतं. आणि ‘डब्ल्यूएलआर, डीआरएम, डिव्हायसेस’ हे अंडरस्कोरने जोडलेलं व्हेरिएबल लावून इंटेलला पहिला मान द्यावा लागतो. कार्डांचे क्रमांक रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात, म्हणून ‘बाय-पाथ’मधला पत्ता द्यावासा वाटतो. पण त्या पत्त्यात कोलन असतात आणि हे व्हेरिएबल यादी कोलननेच तोडतं. त्यामुळे युडेव्हच्या नियमाने इंटेलच्या कार्डाला कोलन नसलेलं एक टोपणनाव द्या आणि तेच इथे लिहा. माझं ‘इंटेल-कार्ड’ आहे.